देवाची तक्रार देवाकडेच: संकटात आणि शंकेत विलापस्तोत्रं कशी वापरावीत

आयसीयूबाहेरच्या बाकड्यावर बसलेल्या माणसाला येणारा-जाणारा म्हणतो, "विश्वास ठेवा." त्या क्षणी त्याने नेमकं काय करायचं, हे मात्र कुणी सांगत नाही. डोळे मिटायचे? मनात येणारे वाईट विचार दाबायचे? सगळं ठीक होईल असं स्वतःला बजावत राहायचं? आपल्या बऱ्याच ख्रिस्ती घरांत शेवटचा मार्गच शिकवला जातो, तोंडाने नसला तरी वागण्यातून. मग रिपोर्ट वाईट येतो, किंवा माणूस जातोच, आणि बजावण्याचं बळ संपतं. तेव्हा वाटतं, आपला विश्वासच उडाला.

पवित्र शास्त्रात अशा वेळेसाठी वेगळीच सोय आहे. स्तोत्रसंहितेचं हिब्रू नाव 'तहिल्लीम', म्हणजे स्तुतिगीतं. पण तिच्यातल्या १५० स्तोत्रांपैकी साधारण तिसरा हिस्सा, मोजायची पद्धत सैल ठेवली तर त्याहूनही जास्त, स्तुतीची नाहीत. रडण्याची, भांडण्याची, जाब विचारण्याची आहेत. अभ्यासक त्यांना विलापस्तोत्रं म्हणतात. ज्यांनी हा संग्रह जुळवला त्यांना ही स्तोत्रं गाळता आली असती. त्यांनी ती ठेवली, इतकंच नाही तर मंदिरात गाण्यासाठी ठेवली. कित्येकांच्या डोक्यावर आजही 'मुख्य गवयासाठी' अशी सूचना आहे. म्हणजे ती कुणाच्या खाजगी वहीतली नव्हेत, उपासनेतली आहेत.

या लेखात त्यांची रचना कशी असते, ती कशी म्हणायची, स्वतःची कशी लिहायची आणि कुठे गडबड होते, ते पाहू. शंका सगळ्या एकाच जातीच्या नसतात, त्यामुळे विलापस्तोत्र कुठे उपयोगी पडत नाही तेही पाहावं लागेल.

सहा ओव्यांचं स्तोत्र

सुरुवात तेराव्या स्तोत्रापासून करावी. ते फक्त सहा ओव्यांचं आहे आणि विलापाचे सगळे भाग त्यात आहेत.

पहिल्या दोन ओव्यांत एकच प्रश्न चार वेळा येतो: कुठवर? देवा, तू कुठवर मला विसरणार? कुठवर तोंड लपवणार? मी कुठवर मनातल्या मनात घोळत राहू? शत्रू कुठवर वरचढ राहणार? या चार प्रश्नांत तीन दिशा आहेत. पहिले दोन देवाकडे रोखलेले, तिसरा स्वतःच्या मनाकडे, चौथा लोकांकडे. संकट खरोखर असंच येतं, तिन्ही बाजूंनी. घरात आजारपण असतं, डोकं रात्री दोन वाजता थांबत नाही आणि नातेवाईक काहीबाही बोलत असतात.

तिसऱ्या-चौथ्या ओवीत मागणी येते: माझ्याकडे पाहा, उत्तर दे, माझ्या डोळ्यांत तेज आण. मागणीला कारणंही जोडली आहेत: नाहीतर मी मरून जाईन, नाहीतर शत्रू म्हणेल की मी त्याला जिंकलं. कारण देणं हा विलापस्तोत्रांचा खास भाग आहे आणि तो कधीकधी चक्क घासाघीस वाटतो. सहाव्या, तिसाव्या आणि अठ्ठ्याऐंशीव्या स्तोत्रात विचारलं आहे की मेलेले तुझी स्तुती कशी करणार? मी मेलो तर तुझंच नुकसान. असं बोलणं उद्धटपणाचं वाटतं, पण ज्याच्याशी नातं आहे त्याच्याशीच माणूस असं बोलतो. अनोळखी साहेबापुढे आपण अर्ज करतो, घासाघीस करत नाही.

पाचव्या ओवीच्या आरंभी हिब्रूत एक छोटा शब्द आहे, 'वअनी': 'मी तर'. मी तर तुझ्या दयेवर भरवसा ठेवला आहे. सहाव्या ओवीत गाण्याचा शब्द दिला आहे आणि स्तोत्र संपतं. शत्रू गेला असं कुठेही म्हटलेलं नाही. परिस्थिती पहिल्या ओवीत होती तिथेच आहे.

म्हणजे साचा असा: हाक, तक्रार, मागणी, कारण, भरवसा, आणि शेवटी स्तुतीचा शब्द किंवा नवस. प्रत्येक स्तोत्रात सगळे भाग याच क्रमाने येत नाहीत, काही गळतात. पण दोन गोष्टी जवळजवळ कधीच गळत नाहीत, हाक आणि तक्रार. हाक म्हणजे देवाला उद्देशून बोलणं. विश्वास कुठे दिसत असेल तर इथेच. माणूस देवाबद्दल शेजाऱ्याकडे कुरकुर करत नाही, देवाशीच बोलतो आहे. उत्तर मिळेल याची खात्री असायलाच हवी अशी अट त्यात नाही.

मराठी माणसाला हे परकं वाटू नये. तुकोबांनी विठ्ठलाशी केलेली भांडणं आपल्या कानांवर लहानपणापासून आहेत, आणि नारायण वामन टिळकांनी ख्रिस्ताला हाक मारायला अभंगच निवडला. तरी आपल्या प्रार्थनासभांत "धन्यवाद प्रभू"ने सुरू होऊन "धन्यवाद प्रभू"नेच संपणारी प्रार्थना इतकी रूढ झाली आहे की मधे तक्रारीला जागाच उरत नाही. हे नुकसान मोठं आहे.

वळण कुठून येतं

वाचणाऱ्याला अडकायला होतं ते 'मी तर' पाशी. चौथ्या ओवीपर्यंत रडणारा माणूस पाचव्या ओवीत एकदम गायला कसा लागला?

एक स्पष्टीकरण असं, की मंदिरात तक्रार मांडून झाल्यावर याजक देवाच्या नावाने धीराचा शब्द देत असे, आणि स्तोत्राचा उत्तरार्ध त्यानंतरचा आहे. याजकाचा शब्द मात्र लिहून ठेवलेला नाही. १ शमुवेलच्या पहिल्या अध्यायात हन्नाच्या बाबतीत असंच घडतं. मूल नाही म्हणून ती मंदिरात पुटपुटत रडते. एली याजकाला आधी ती प्यायलेली वाटते. तिने समजावल्यावर तो म्हणतो, शांतीने जा, देव तुझी विनंती पुरवो. ती उठते, जेवते, आणि तिचं तोंड उतरलेलं राहत नाही. मूल अजून झालेलं नसतं. दुसरं स्पष्टीकरण साधं आहे: तक्रार पूर्ण बोलून झाली की मनात जागा होते, आणि त्या जागेत जुनी आठवण येते.

सत्त्याहत्तराव्या स्तोत्रात हे दुसरं उघड दिसतं. सातव्या ते नवव्या ओवीत ओळीने सहा प्रश्न आहेत: प्रभू कायमचा टाकून देणार का, त्याची दया संपली का, दया करायला देव विसरला का, असे. मग माणूस ठरवतो की आता मी जुनी कृत्यं आठवीन, आणि तांबड्या समुद्रातून लोक पार झाले ती गोष्ट तो स्वतःला सांगू लागतो. स्तोत्र तिथेच थांबतं. त्याच्या सहा प्रश्नांपैकी एकाचंही उत्तर दिलेलं नाही.

आसाफाचं त्र्याहत्तरावं स्तोत्र वेगळ्या दुखण्याचं आहे: दुष्टांचं सगळं छान कसं चालतं? त्यांना आजार नाही, चिंता नाही, पोटं सुटलेली. मी हात स्वच्छ ठेवले ते फुकटच की काय? अठ्ठावीस ओव्यांतलं वळण बरोबर सतराव्या ओवीत आहे, आणि ते एखाद्या विचाराने येत नाही. तो देवाच्या मंदिरात जातो तेव्हा येतं. डोकं चालवून सुटेना तेव्हा पाय चालवले.

वळण येतच नाही तेव्हा

अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र अठरा ओव्यांचं आहे. ते म्हणणारा तीन वेळा हाक मारतो, पहिल्या, नवव्या आणि तेराव्या ओवीत. तीनदाही उत्तर येत नाही. 'मी तर' येतं, पण त्यापुढे 'तुझा धावा करतो' एवढंच, भरवशाचा शब्द नाही. हिब्रूत शेवटचा शब्द आहे 'मह्शाख': अंधार. स्तोत्र तिथेच तुटतं.

हे स्तोत्र संग्रहात आहे ही गोष्ट नीट समजून घेण्यासारखी आहे. ज्याला आज स्तुतीचा शब्द उच्चारता येत नाही, त्याने तो उच्चारलाच पाहिजे अशी सक्ती शास्त्र करत नाही. कॅथॉलिक चर्चच्या रोजच्या प्रार्थनाविधीत झोपण्यापूर्वीच्या प्रार्थनेला दर शुक्रवारी हेच स्तोत्र ठेवलेलं आहे. ज्यांचा आठवडा बरा गेला तेही ते म्हणतात, ज्यांचा वाईट गेला त्यांच्यासाठी.

आणि वधस्तंभावर येशूने मोठ्याने जे म्हटलं, "माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?", ती बाविसाव्या स्तोत्राची पहिली ओळ आहे. मत्तय आणि मार्क दोघांनीही ती आरामी बोलीत जशीच्या तशी टिपली. बाविसावं स्तोत्र पुढे स्तुतीकडे वळतं, म्हणून काही जण घाईने म्हणतात की येशूच्या मनात शेवटची ओळ होती. असेलही. पण त्याने म्हटली ती पहिली, आणि शुभवर्तमानकारांनी लिहिली तीही पहिलीच.

स्वतःचं विलापस्तोत्र लिहिताना

दहा-बारा ओळी पुरतात, वेळ पंधरा-वीस मिनिटं. फोन दुसऱ्या खोलीत ठेवावा. वहीत हाताने लिहिलेलं बरं, कारण हात हळू चालतो आणि मन त्याच्या वेगाला येतं. भाषा घरातली हवी. मालवणी बोलत असाल तर मालवणीत लिहा, वसईकडची सामवेदी बोलत असाल तर सामवेदीत. प्रार्थनेची म्हणून जी पुस्तकी मराठी आपण वापरतो ती दुःख झाकायला फार सोयीची असते.

नोकरी गेलेल्या माणसाचं स्तोत्र असं होऊ शकतं:

"बापा, तू ऐकतोस असं मला लहानपणापासून सांगितलंय.
चार महिने झाले. रोज अर्ज करतोय. कुणी नाही म्हणायलाही फोन करत नाही. तूही नाही.
पाच तारखेला हप्ता जातो. बायको काही बोलत नाही, आणि तेच जास्त लागतं.
या महिन्यात काम दे. ते नसेल द्यायचं तर निदान एकाचा तरी फोन येऊ दे.
पोरं माझ्याकडे बघून तुला ओळखतात. मी असाच बसून राहिलो तर त्यांना तुझ्याबद्दल काय सांगू?
आबांच्या ऑपरेशनला पैसे कुठून उभे राहिले ते मला अजून कळलेलं नाही. ते मी विसरलो नाही.
काम मिळालं की पहिल्या रविवारी मंडळीत उभा राहून सांगेन.
नाही मिळालं तर काय, ते आज लिहिता येत नाही."

यात तक्रार नेमकी आहे: चार महिने, पाच तारीख. "देवा, मी फार कष्टात आहे" असं मोघम लिहिलं की मन त्यावरून घसरून जातं. मागणीही नेमकी आहे. मोघम मागणी बरेचदा भीतीतून येते. नेमकं मागितलं आणि मिळालं नाही तर देवावरचा विश्वास जाईल, अशी ती भीती. स्तोत्रकारांनी तो धोका पत्करलेला दिसतो. भरवशाची ओळ एकच आहे, आणि ती घडलेल्या गोष्टीवर उभी आहे, भावनेवर नाही. तशी एकही गोष्ट आठवत नसेल तर ती ओळ सोडून द्यावी. खोटी लिहू नये.

लिहून झालं की मोठ्याने वाचायचं. हन्नासारखं पुटपुटलं तरी चालेल, पण ओठ हलले पाहिजेत. दुसऱ्या दिवशी तेच पुन्हा वाचावं आणि जी ओळ आता खरी वाटत नाही ती खोडावी. आठवड्याने बघितलं तर काय बदललं आणि काय नाही हे कागदावरच दिसतं.

लिहिणं जमतच नसेल तर रोज एक तयार स्तोत्र म्हणा. तेरावं, मग बेचाळीस आणि त्रेचाळीस एकत्र (मुळात ते एकच गीत असावं, कारण "हे माझ्या जिवा, तू खिन्न का झालास" या अर्थाचं ध्रुवपद दोन्हींत मिळून तीनदा येतं), मग सत्त्याहत्तर, त्र्याहत्तर, एकशे तीस, बावीस. अठ्ठ्याऐंशी शेवटी ठेवा किंवा अगदीच वाईट दिवशी. प्रत्येकाला पाच-सात मिनिटं लागतात.

शापाच्या ओळी लागल्या तर दचकू नका. एकशे नवव्या स्तोत्रात, एकशे सदतिसाव्याच्या शेवटी अंगावर काटा येईल अशा गोष्टी आहेत. त्या आज्ञा नव्हेत, प्रार्थना आहेत. म्हणणाऱ्याने सूड स्वतःच्या हातातून काढून देवाच्या टेबलावर ठेवला आहे. ज्या भावाने जमीन लाटली त्याच्याबद्दलचा राग देवाला सांगा, पूर्ण सांगा. तोच राग कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला तर तो विलाप राहत नाही.

वचनं जी चुकीच्या जागी लावली जातात

भेटायला येणारे लोक वाईट नसतात, पण हाताशी चार-पाच वचनं असतात आणि तीच सगळीकडे लावली जातात.

यिर्मया २९:११ घ्या: तुमच्याविषयीच्या माझ्या योजना हिताच्या आहेत, अनिष्टाच्या नाहीत. फ्रेममध्ये, की-चेनवर, वाढदिवसाच्या केकवर हे वचन असतं. ते मुळात यरुशलेमहून बाबेलला पाठवलेल्या पत्रात आहे, बंदिवासात नेलेल्या लोकांना. दहाव्या ओवीत मुदत दिली आहे: सत्तर वर्षं. पत्र ऐकणाऱ्या बहुतेक मोठ्या माणसांना परत घरी जायला मिळणार नव्हतं. म्हणून पाचव्या ओवीत सांगितलं आहे की घरं बांधा, मळे लावा, त्यांचं फळ खा. दोन वर्षांत सगळं पूर्ववत होईल असं सांगणारा संदेष्टा त्या काळी होता, त्याचं नाव हनन्या. अठ्ठाविसाव्या अध्यायात तो खोटा ठरतो. हे वचन 'लवकरच सगळं छान होईल' म्हणून वापरलं की आपण यिर्मयाच्या नव्हे, हनन्याच्या बाजूने बोलत असतो.

"सोसवेल तेवढंच देव देतो" असं वचन शास्त्रात नाही. पौलाच्या पत्रातलं १ करिंथ १०:१३ मोहाबद्दल, परीक्षेबद्दल आहे. मूल गेलेल्या आईबद्दल नाही. त्याच पौलाने २ करिंथच्या पहिल्या अध्यायात आशियातल्या संकटाबद्दल लिहिलं आहे की आम्ही शक्तीपलीकडे दडपले गेलो, जगण्याचीही आशा सोडली.

आणि याकोबाच्या पत्रातलं "संशय धरू नये" हे वाक्य शंकेखोरांच्या डोक्यात घालायला वापरलं जातं. तिथला विषय देवाकडे शहाणपण मागण्याचा आणि दोन दगडांवर पाय ठेवण्याचा आहे. शंकेत असलेल्यांशी कसं वागावं हे यहूदाच्या एका अध्यायाच्या छोट्या पत्रात बाविसाव्या ओवीत सरळ लिहिलं आहे: त्यांच्यावर दया करा. मत्तयाच्या शुभवर्तमानात पुनरुत्थित येशूला डोंगरावर नमन करणाऱ्या अकरा शिष्यांबद्दल म्हटलं आहे की काहींना संशय वाटला. येशू त्यांना बाजूला काढत नाही. जगभर जाण्याची आज्ञा सगळ्यांना एकत्रच मिळते.

शंका कोणत्या जातीची आहे

विलापस्तोत्र हे दुःखातून आलेल्या शंकेवरचं औषध आहे. बाकीच्या शंकांना वेगळी वागणूक लागते.

डोक्यातून आलेली शंका असेल तर प्रश्न एका वाक्यात लिहून काढावा. "मला काहीच पटत नाही" हा प्रश्न नव्हे. "येशू खरोखर उठला का?" हा प्रश्न आहे. "काइनाला बायको कुठून मिळाली?" हाही प्रश्न आहे, पण त्यावर काहीच उभं नाही. पौल १ करिंथच्या पंधराव्या अध्यायात स्वतःच सांगतो की ख्रिस्त उठला नसेल तर आमचा उपदेश व्यर्थ आणि तुमचा विश्वासही व्यर्थ. मग सुरुवात तिथूनच करावी. मार्काची सोळा अध्यायांची सुवार्ता मोठ्याने वाचली तरी दीड-दोन तासांत होते. एका बैठकीत वाचावी, तुकड्यांत नको. सर्वांत जुन्या हस्तलिखितांत ती १६:८ वर थांबते, रिकाम्या कबरेपासून बायका घाबरून पळतात आणि कुणाला काही सांगत नाहीत. जाहिरात करायला बसलेला माणूस असा शेवट करत नाही, असं बऱ्याच वाचकांना वाटतं. तुम्हाला काय वाटतं ते वाचून ठरवा.

अशा शंकांना वेळ लागतो, कधी वर्षं. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ मध्ये इंग्लंडमधल्या वाँटेज इथे झाला. त्यानंतर त्यांनी तिथल्या सिस्टरांशी पत्रांतून त्रिएकत्वावर, चर्चच्या अधिकारावर कडक वाद घातला; पटलं नाही ते पटलं नाही असं लिहिलं. पुढे त्यांनीच सांगितलं की बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी त्यांना कळलं, आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता पण ख्रिस्त सापडला नव्हता. याच बाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून केडगावला अख्ख्या बायबलचं मराठी भाषांतर केलं. १९२१ मध्ये एकुलती मुलगी मनोरमा गेली, तरी काम चालू होतं. रमाबाई १९२२ मध्ये वारल्या, पूर्ण बायबल १९२४ मध्ये बाहेर आलं. वाद घालणारी बाई मंडळीला नको वाटली असती तर हे भाषांतर झालं नसतं.

तिसरी जात कोरडेपणाची. संकट नाही, प्रश्न नाही, पण प्रार्थनेत काही वाटतच नाही. स्पेनमधल्या योहान ऑफ द क्रॉस या कार्मेलाइट संन्याशाने यावर बारकाईने लिहिलं आहे. त्याला त्याच्याच पंथातल्या लोकांनी १५७७-७८ मध्ये तोलेदोत जवळजवळ नऊ महिने कोठडीत डांबलं होतं. त्याने तीन खुणा दिल्या. देवाच्या गोष्टींत गोडी लागत नाही आणि इतर कशातही लागत नाही. आपण देवाची सेवा करत नाही याची रुखरुख मात्र सतत असते. आणि पूर्वीसारखं चिंतन, कल्पना करून ध्यान, करूच म्हटलं तरी होत नाही. तिन्ही खुणा एकत्र असतील तर तो वाढीचा टप्पा समजावा. प्रार्थनेत गोडी नाही पण क्रिकेटमध्ये, खरेदीत भरपूर आहे, तर तो साधा आळस. मदर तेरेसांची पत्रं २००७ मध्ये प्रसिद्ध झाली तेव्हा लोकांना धक्का बसला, कारण जवळजवळ पन्नास वर्षं त्यांना आत असाच अंधार होता.

कोरडेपणात काय करावं याचे नियम जेझुइट पंथाचा संस्थापक इग्नेशियस लोयोला याने लिहून ठेवले. १५२१ मध्ये पांप्लोनाच्या लढाईत तोफगोळ्याने त्याचा पाय मोडला आणि अंथरुणावर पडल्यापडल्या तो मनातले चढउतार टिपू लागला. मूळ नियम चौदा, त्यांतले तीन तर पाठ करावेत. उजाड वाटत असताना आधी घेतलेला निर्णय बदलायचा नाही. मंडळी सोडणं, लग्न मोडणं, व्रत टाकणं, काहीही असो, ते बरे दिवस आल्यावर ठरवायचं. प्रार्थनेची ठरलेली वेळ कमी करायची नाही, उलट थोडी वाढवायची. तास ठरवला असेल तर तासावर पाच मिनिटं बसायचं. आणि मनात चाललेलं गुपित ठेवायचं नाही, जाणत्या माणसाला सांगायचं. दुसरा नियम विचित्र वाटतो, पण कारण व्यवहारी आहे: कोरड्या मनाला एकदा पाच मिनिटं सूट दिली की उद्या ते दहा मागतं.

चौथी गोष्ट शंका नव्हेच. दोन आठवड्यांहून जास्त दिवस, जवळजवळ रोज, मन काळवंडलेलं, झोप उडालेली किंवा अतिच, भूक गेलेली, कशात रस नाही, मरणाचे विचार: हे नैराश्य असू शकतं आणि त्याला डॉक्टर लागतो. प्रार्थना सोडू नये, पण डॉक्टरऐवजी प्रार्थना नको. १ राजे १९ मध्ये एलीया झुडपाखाली बसून मरण मागतो. देवदूत त्याला उपदेश करत नाही. निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याची सुरई आणतो. एलीया खातो, पुन्हा झोपतो. देवदूत दुसऱ्यांदा उठवून पुन्हा खायला घालतो. "तू इथे काय करतोस?" हा देवाचा प्रश्न त्यानंतर, चाळीस दिवसांनी होरेब डोंगरावर येतो. जिवाचं काही करून घ्यावंसं वाटत असेल तर टेली-मानसच्या १४४१६ या सरकारी क्रमांकावर चोवीस तास मोफत बोलता येतं, मराठीतही. पाळकांनी आणि फादरांनी हा क्रमांक मंडळीच्या फलकावर लावावा.

दुसऱ्यांचे हात

हिब्रूत विश्वासाला 'एमूना' म्हणतात, 'आमेन' त्याच धातूचं. निर्गम १७:१२ मध्ये हा शब्द चक्क हातांसाठी वापरला आहे. अमालेक्यांशी लढाई चालली असताना मोशेचे हात वर असेपर्यंत इस्राएलाची सरशी होते. हात दुखतात. मग त्याला धोंड्यावर बसवतात, अहरोन एका बाजूने, हूर दुसऱ्या बाजूने हात धरतो, आणि सूर्य मावळेपर्यंत त्याचे हात 'एमूना' राहतात, म्हणजे स्थिर. त्या हातांतली ताकद मोशेची उरलेली नव्हती. मार्काच्या दुसऱ्या अध्यायात चौघे जण पक्षघाताच्या रोग्याला छप्पर उकलून खाली सोडतात तेव्हाही येशू 'त्यांचा' विश्वास पाहतो, आणलेल्याचा किती होता ते लिहिलेलं नाही.

म्हणून ज्याला म्हणवत नाही त्याने रविवारी मागच्या बाकावर जाऊन नुसतं बसावं. गाणं दुसरे गातील, विश्वासांगीकार दुसरे म्हणतील. पुढे उभं राहून साक्ष द्यायचा आग्रह कुणी केला तर नाही म्हणायला हरकत नाही.

आणि जे भेटायला जातात त्यांच्यासाठी: ईयोबाचे तिघे मित्र आले तेव्हा सात दिवस, सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसले आणि एक शब्द बोलले नाहीत. तोवर त्यांचं सगळं बरोबर होतं. मग ते समजावू लागले, आणि बेचाळिसाव्या अध्यायात देव म्हणतो की माझा सेवक ईयोब याच्यासारखं तुम्ही माझ्याविषयी योग्य ते बोलला नाहीत. ज्याने तिसऱ्यापासून एकतिसाव्या अध्यायापर्यंत पुन्हा पुन्हा देवाला जाब विचारला त्याचं बोलणं योग्य ठरलं, ज्यांनी देवाची बाजू मांडली त्यांचं नाही.

तेव्हा जा, बसा, पाणी प्या, फार तर तेरावं स्तोत्र हळू आवाजात वाचा आणि चौथ्या ओवीवर थांबलात तरी चालेल. निघताना "काही लागलं तर सांगा" म्हणू नका. काय लागतं ते सांगायचंही बळ त्या घरात नसतं. मंगळवारी आणि शुक्रवारी डबा आणते म्हणा, आणि त्या दिवशी आणा.